कुलूप त्यांचे, छप्पर आपले

सामानापुरती खोली महिन्याच्या भाड्याने द्यावयाची, कुलूप मात्र ज्याचे त्याने लावावयाचे, हा ‘सेल्फ स्टोरेज’ नावाचा व्यवसाय अमेरिकेत १९६० च्या दशकात रुजला. आता तो आपल्या शहरांतही आला आहे. आमच्या बडोद्यात वाडे पाडून सदनिका उभ्या राहिल्या. त्यांत ना माळा, ना कोठीची खोली. मुले पुण्याला, नाहीतर टोरोंटोला. आजीचा पितळी हंडा टाकवत नाही आणि ठेवावा तर जागा नाही, अशी घरोघरची स्थिती. आम्ही दोघा भावांनी वडिलांच्या रिकाम्या गोदामात अशा चौदा खोल्या काढल्या. हे काम नव्याने हाती घेणारे आप्त आम्हांला विचारतात. त्यांना सांगतो तेच येथे लिहीत आहोत.

चिंता चोराच्या आधी पाण्याची करावी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरातील कित्येक वस्त्यांत शिरले. आमच्याकडे ते वीतभरच चढले आणि सामान हातभर उंच घडवंच्यांवर असल्यामुळे बचावले. कपाटे भिंतीला चिकटवू देऊ नयेत. वारा खेळला नाही की बुरशी धरते आणि मागून लागलेली वाळवी दिसतही नाही. गॅसचे सिलिंडर, रॉकेल, धान्य आणि लोणच्याच्या बरण्या यांना सक्त मज्जाव असावा. (लोणच्यावरून हुज्जत घालणारे फार भेटतात!)

परंतु खरी कसोटी भाडे थकते तेव्हा लागते. थकबाकीपोटी सामान अडवून विकता येते, ही समजूत धोक्याची आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७१ सामान नुसते अडवून ठेवण्याचाही सर्वसाधारण हक्क बँकवाले, बंदरावरील धक्केवाले, उच्च न्यायालयातील वकील अशा मोजक्या मंडळींनाच देते. गोदामवाला त्यांत नाही. त्याला स्पष्ट करारच हवा. म्हणून किती महिने वाट पाहणार, नोटीस कोठे धाडणार, कुलूप कोणासमक्ष उघडणार, हे वकिलाकडून आधीच लिहून घ्यावे. आणि त्याच कागदावर ग्राहकाखेरीज आणखी एका माणसाचे नाव व पत्ता मागावा. पुष्कळांना ते अपशकुनी वाटते. तरी मागावा.

आमच्या एका खोलीचे भाडे पाच महिने आले नाही. ग्राहक निवृत्त शिक्षक, एकटे राहणारे, फोन बंद. आमच्यापैकी एकाचे मत कुलूप तोडावे असे पडले, दुसऱ्याने कागद काढला. त्यावर इंदूरच्या पुतणीचे नाव होते. तिच्याकडून कळले की काका चैत्रातच वारले. त्यांनी बडोद्यात खोली घेतली आहे, हे तिला ठाऊकच नव्हते.

तिची वारसाची कागदपत्रे पाहून, दोन शेजाऱ्यांसमक्ष खोली उघडली. आत घराण्यातील देवांचे टाक, एक जुनी पेटी आणि दोरीने बांधलेले पत्रांचे गठ्ठे. ती दोन दिवस तेथेच बसून पत्रे वाचीत होती. आम्ही चहा पाठवीत होतो, विचारले काही नाही. गिऱ्हाइकाच्या सामानाविषयी कुतूहल नसणे हा या धंद्यातला मोठा गुण, आणि तो अंगी बाणवायला वेळ लागतो.

तिसऱ्या दिवशी खोली रिकामी झाली. थकलेल्या भाड्यापैकी दोनच महिन्यांचे आम्ही घेतले. यावर आम्हां भावांत अजून एकमत नाही. टाक आणि पत्रे ती इंदूरला घेऊन गेली. पेटी तेवढी येथल्याच एका भजनी मंडळाला दिली.