आबांसाठी रेडिओ घेताना

परवा आमच्या गल्लीतील एक भाऊ सकाळी सकाळीच दारात आले. ‘जयभीम. तुमच्या आबांकडे तो रेडिओ आहे ना, तसलाच गावाकडे आईसाठी घ्यायचाय. कुठला घेऊ?’ आम्ही कामावर निघण्याच्या घाईत होतो. दोन वाक्यांत काहीतरी सांगितले आणि सायकलला टांग मारली. पण दिवसभर मनाला चुटपुट लागून राहिली. कारण त्या दोन वाक्यांत आम्ही केलेल्या चुका आल्याच नव्हत्या. रेडिओ निवडणे ते काय मोठे, असे आम्हांलाही एके काळी वाटत होते.

आमचे आबा भुसावळच्या लोको शेडमध्ये खलाशी होते. २००४ साली निवृत्त झाले. त्यांनी पहिला ट्रान्झिस्टर घेतला तो १९७२ साली, पगाराच्या फरकाच्या पैशांतून. तेव्हा रेडिओ बाळगायचा तर पोस्टातून लायसन्स काढावे लागे. त्या लायसन्सची वही आईने कित्येक वर्षे पत्र्याच्या पेटीत, आमच्या जन्मदाखल्यांबरोबर जपून ठेवली होती. मे १९७४ मध्ये रेल्वेचा देशव्यापी संप झाला, तेव्हा शेडमधील पाचसहा जण रात्री आमच्या खोलीत गोळा होत. आवाज बारीक करून बीबीसी हिंदी लावीत. आबा म्हणत, ‘सरकारी रेडिओ सांगतो गाड्या चालू आहेत आणि आम्ही तर यार्डात उभे इंजिन बघतोय. खरं कोणाचं मानायचं?’ ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी गेल्याची बातमीही बीबीसीने आकाशवाणीच्या आधी दिली. तेव्हापासून तर आबांच्या लेखी बीबीसीवर आले म्हणजे त्यावर शिक्का बसला. शाळा सातवीपर्यंतच झालेली. पण देशोदेशींच्या राजधान्या त्यांना तोंडपाठ होत्या.

२०१९ च्या अशोक विजयादशमीपर्यंत काचबिंदूने त्यांची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. उशीर आमच्याकडूनच झाला होता, त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. टीव्हीचा उपयोग नाही, वर्तमानपत्राचा नाही. मोबाईलच्या गुळगुळीत काचेवर त्यांचे बोट भलतीकडेच पडे. उरला तो रेडिओ. आणि जानेवारी २०२० मध्ये त्याचाच बँड-स्विच गेला. रेडिओ दुरुस्त करणारे म्हातारे कारागीर दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेले होते. मग मार्चमध्ये लॉकडाऊन आला.

येथेच आमच्या हातून भित्रेपणा झाला. ३१ जानेवारी २०२० रोजी बीबीसीने हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रसारण कायमचे बंद केले. आम्ही ते पेपरात वाचले होते. १९४० पासून चालत आलेला आवाज थांबला. पण ज्याचे डोळे नुकतेच गेले, त्याला हे कसे सांगावे? म्हटले, रेडिओ बिघडलेलाच आहे, नवा घेऊ तेव्हा सांगू.

नवा रेडिओ घेतला तो २०२१ साली. मुंबईला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून साडेसहाशे रुपयांत आणला. रंग चकचकीत, वर टॉर्च, पेनड्राइव्हची सोय, आणि पुढे मोठ्या अक्षरांत ‘दहा बँड’ लिहिलेले. घरी आणून आबांच्या हातात दिला. एफएम झकास लागले. पण शॉर्टवेव्हला खुंटी केसभर फिरली की तीन केंद्रे एकदम! एखादे धरून ठेवावे तर पाच मिनिटांत आपोआप घसरून जाई. शिवाय एकच केंद्र दोन ठिकाणी ऐकू येई. आबा रात्री साडेसातला तो कानाशी धरून बीबीसी शोधत बसत आणि वैतागून म्हणत, ‘माल खराब आहे. परत कर.’ आम्ही गप्प. पुढच्या फेरीत दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, ‘काका, शॉर्टवेव्हवर आता काही लागतच नाही. रेडिओत खोट नाही.’ पैसे काही परत मिळाले नाहीत. त्याचे बोलणे अर्धे खरे होते, हे नंतर कळले.

आमच्या विहारात येणारे एक काका सैन्यात सिग्नलमध्ये होते. त्यांना सगळी हकीकत सांगितली. एका रविवारी वंदनेनंतर त्यांनी आम्हांला बाकावर बसवून घेतले आणि शाळेतल्या मुलाला शिकवावे तसे शिकविले.

शॉर्टवेव्ह म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी. त्या आकाशात उंच असलेल्या विद्युतभारित थरावर आपटून परत जमिनीवर येतात, म्हणून हजारो मैल जातात. तो थर सूर्यावर अवलंबून. त्यामुळे रात्री ४९ आणि ४१ मीटरचे पट्टे चांगले चालतात, भर दिवसा १९ आणि १६ मीटरचे. आणि ३१ व २५ मीटर हे सकाळ-संध्याकाळचे भरवशाचे. मीटर आणि मेगाहर्ट्झचा हिशोब सोपा आहे : तीनशेला एकाने भागले की दुसरा मिळतो. ९.६ मेगाहर्ट्झ म्हणजे साधारण ३१ मीटर. केंद्रांचे आकडे मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस, असे वर्षातून दोनदा बदलतात. तेव्हा काल होते ते आज नाही म्हणून रेडिओला दोष देऊ नये.

मग ते आमच्या ‘दहा बँड’वर आले. खूप बँड लिहिले म्हणजे रेडिओ चांगला, असे नसते. स्वस्त रेडिओत आलेली लहर एकदाच बदलून ४५५ किलोहर्ट्झवर आणतात. त्यात जोरदार केंद्राचे भूत तयार होते. ते खऱ्या जागेच्या ९१० किलोहर्ट्झ खाली पुन्हा ऐकू येते. आम्ही दोनदा ऐकत होतो ते हेच. महागड्या रेडिओत ही लहर दोनदा बदलतात, किंवा हल्ली चिपच्या आत आकडेमोडीने साफ करतात. म्हणून भूत कमी, आणि आकडा एकदा लावला की तो घसरत नाही. ‘आणि घरातले एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर बंद करून ऐकता का?’ काकांनी विचारले. आम्ही कुठले! त्या रात्री मेन स्विच पाडून पाहिला, तर निम्मी खरखर एकदम गेली. वर पत्र्याचे छप्पर, तेही लहरी अडवते. रेडिओ खिडकीत ठेवल्यावर फरक पडला. साडेसहाशेच्या त्या खेळण्यातही फरक पडला, मग चांगल्यात का पडणार नाही?

काकांकडे दोन रेडिओ होते, दोन्ही टेकसन या चिनी कंपनीचे. दोन्ही त्यांनी आठवडाभरासाठी दिले. (अशी माणसे आहेत म्हणून आमचे चालते.) एक आर-९०१२. काट्याचा, बारा बँडचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, स्वस्त. दुसरा पीएल-३३०. तळहातात मावणारा, आकड्यांची बटणे असलेला. त्यात जुन्या नोकिया फोनची बीएल-५सी बॅटरी चालते. किंमत मात्र आमच्या महिन्याच्या किराण्याएवढी.

डोळस माणूस असता तर आम्ही पुढचा विचारच केला नसता, पहिला घेतला असता. मोठी केंद्रे त्यावर छान लागतात आणि सेल खेड्यातही मिळतात. आबांनाही तोच आधी आवडला. बँडची पट्टी सरकवताना ते टकटक मोजत, आणि चाक फिरवताना त्यांच्या चेहऱ्यावर जुने काहीतरी परत आल्यासारखे दिसे. पण काटा कुठे आहे हे त्यांना कसे कळावे? सारखे ‘सूनबाई, बघ गं काटा’ सुरू झाले. सौ. शिवणाच्या मशीनवरून दर पाच मिनिटांनी उठत. तिसऱ्या दिवशी आबा आपणहून म्हणाले, ‘हा मला तुमच्या हातात ठेवतो. तो दुसरा दे.’

दुसऱ्यावर आकडे दाबले की रेडिओ थेट तिथे जातो. इंजिनांचे नंबर चाळीस वर्षे डोक्यात ठेवणाऱ्या माणसाला केंद्रांचे दहाबारा आकडे म्हणजे काहीच नाही. अडचण होती ती बटणांची. ती फार लहान, आणि आबांच्या उजव्या हाताची दोन बोटे शेडमध्ये बोथट झालेली. यावर उपाय सौ.ने काढला. नळाला लावायचे एम-सील राहिले होते, त्याचा तांदळाएवढा ठिपका पाचच्या बटणावर, आणि एक चालू-बंदच्या बटणावर. पाच सापडला की बाकीचे आकडे आजूबाजूला सापडतात.

म्हणजे सगळे झाले असे नव्हे. एका दुपारी आम्ही दोघेही कामावर असताना रेडिओचे एकही बटण चालेना. आबा चार तास एकटे बसून राहिले. बटणांना कुलूप घालण्याची सोय असते, ते चुकून लागले होते. पडद्यावर खूण दिसते. पण ती दिसायला डोळे हवेत. अशा माणसासाठी घेणार असाल तर कुलूप काढायची रीत पहिल्याच दिवशी त्याच्या हाताला शिकवा. आवाजाची जाणही द्या. आकाशवाणीने काही केंद्रे डीआरएम या डिजिटल पद्धतीने सुरू केली आहेत. ती साध्या रेडिओवर नुसती भरून आलेली खरखर ऐकू येते. आबांना वाटे आपण चुकलो. तसेच ४० मीटरला हौशी रेडिओवाले बोलतात, ते साध्या रेडिओवर बदकासारखे क्वॅकक्वॅक ऐकू येते. पीएल-३३० मध्ये एसएसबीची सोय आहे, तिने ते माणसासारखे होते. रविवारी सकाळी आबा त्यांच्या गप्पा ऐकतात. कोण कोणाला किती जोरात ऐकू आला, हेच फार असते त्यात! आम्हांला विचाराल तर एसएसबी नसली तरी चालते.

वायरीविषयी एक सांगायचे राहिले. रेडिओच्या कांडीला पंधरा-वीस फूट वायर चिमट्याने लावून खिडकीबाहेर सोडली की लांबची केंद्रे उठतात. त्याहून लांब लावू नये, जोरदार केंद्रे एकमेकांवर चढतात. पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की ती आधी काढायची. मीडियम वेव्हला मात्र वायरीचा उपयोग नाही. तिथे रेडिओच आडवा फिरवायचा, कारण आतली कांडी एका दिशेने ऐकते. रात्री अशा फिरवण्यात आबांना नागपूर, इंदूर, कधी दिल्ली सापडते.

पण हे सारे नंतरचे. नवा रेडिओ आला त्या संध्याकाळी साडेसातला आबांनी जुन्या ठिकाणांचे आकडे एकामागून एक दाबले. सगळीकडे शांतता, कुठे चिनी, कुठे अरबी. या वेळी त्यांनी माल खराब आहे असे म्हटले नाही. रेडिओ मांडीवर ठेवला आणि म्हणाले, ‘दोन रेडिओ झाले. आता खरं सांग.’

आम्ही सांगितले. दीड वर्षापूर्वी बंद झाले म्हणून सांगितले. आम्हांला तेव्हाच माहीत होते, हेही सांगितले. आबा दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. सूनबाईंना एवढेच म्हणाले, ‘डोळे गेले ते गेले. पण घरच्यांनी बातमी लपवावी?’ १९७४ साली जे सरकारविषयी म्हणत होते, तेच आता आमच्याविषयी. त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या मुलीला हाक मारली. ती तेव्हा बी.ए.ला होती. ‘बीबीसी इंग्रजीत तरी आहे का गं?’ ती म्हणाली, ‘इंग्रजी आहे, आबा. शॉर्टवेव्हवर आहे.’ ‘मग लाव. बाबासाहेब मे १९५६ मध्ये बीबीसीवर बोलले, बौद्ध धम्म मला का आवडतो ते सांगितलं, ते इंग्रजीतच ना? लोकांनी समजून घेतलंच की. तू ऐक आणि मला मराठीत सांग.’

तेव्हापासून रोज रात्री जेवणाआधी ही शाळा भरते. ३१ मीटरवर लागले नाही तर २५ वर बघायचे. मेन स्विच पाडलेला, मेणबत्ती लावलेली, रेडिओ खिडकीत, वायर बाहेर. मुलगी वहीत टिपून घेते आणि मग सांगते. पहिल्या पंधरवड्यात तिला निम्मेच कळे, आता बरेच कळते. तिच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी काय सुधारणा केली म्हणून विचारले, तर म्हणाली, आजोबांनी. परवा त्या भाऊंनी विचारले त्याच रात्री पाहिले, आबा तिच्यावर रागावले होते.

‘तो माणूस एवढा वेळ बोलला, अन् तू दोन वाक्यांत संपवलंस?’

‘आबा, महत्त्वाचं तेवढंच होतं.’

‘महत्त्वाचं काय ते मी ठरवीन. तू सगळं सांग.’

मग तिने वहीचे पान उलटले आणि पहिल्यापासून सांगायला घेतले.