हाताशी असलेले पाणी

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवणच्या आसपास उजनीचे पाणी पसरलेले दिसू लागते. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. हिवाळ्यात त्याच्या उथळ काठांवर रोहित पक्षी उतरतात. गेल्या पौषात आम्ही तेथे घटकाभर थांबलो, तेव्हा आई खिडकीशी बसून बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "हेच का रे आपल्या सोलापूरचं पाणी?"

हेच ते. शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या जलवाहिनीतून ते सोलापुरात पोहोचते. शिवाय नदीपात्रात सोडलेले पाणीही पुढे उपसून शहराला दिले जाते. एवढी वाट चालून आलेल्या पाण्याचे मोल सोलापूरकरांना सांगावे लागत नाही. आम्हांला मात्र ते या प्रवासात नव्याने शिकावे लागले.

आईचे वय चौऱ्याऐंशी. सोलापूर हे तिचे माहेर. 'सिद्धेश्वराच्या तळ्याच्या काठी एकदा बसायचं आहे,' एवढीच तिची इच्छा होती. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिला मोटारीने नेले होते. प्रवासात लघवीला कुठे उतरायचे, हॉटेलमागच्या ओल्या फरशीवर पाय घसरला तर काय, या भीतीने तिने आदल्या संध्याकाळपासून पाणी जवळजवळ बंद केले होते आणि आम्हांला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. सोलापूरला उतरताना उभी राहिली, तोच तिला भोवळ आली. पुढे मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. आठ दिवस तिचे बोलणे असंबद्ध होते. तळे राहिले ते राहिलेच.

वृद्धांच्या घरी हे नवे नाही. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्तीही कमी होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर त्यात भर पडते. अशा शरीराने मुद्दाम पाणी टाळले, तर त्याचा तोल लवकर ढळतो. जीभ कोरडी पडणे, लघवी गडद होणे, उभे राहताना चक्कर येणे, अचानक गोंधळल्यासारखे वागणे, ही त्याची लक्षणे होत. त्यांना 'वयच झालंय आता' म्हणून सोडून देऊ नये.

या खेपेस आम्ही कॅराव्हॅन भाड्याने घेतली. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे थोडाफार कानावर पडू लागला आहे. निजायला पलंग, लहानसा ओटा, बसायचे शौचालय आणि धरायला दांडा, असे हे चालते घर. आईने वाटेत दोनदा आपणहून पाणी मागून घेतले, तेव्हा आम्हांला वाटले, काम झाले.

सोलापूरच्या अलीकडे एका ओळखीच्या शेतावर पहिला मुक्काम केला. शाळूची कणसे हुरड्याला आली होती. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला हुरडा आईसाठी बारीक वाटून शेंगाचटणीबरोबर दिला. गाडीची टाकी रिकामी होत आली होती, म्हणून मी बागेच्या नळीने बोअरचे पाणी भरून घेतले. नळी धुतली नाही, पहिले पाणी सोडून दिले नाही. चूक सर्वस्वी माझीच.

रात्री सर्व निजानीज झाल्यावर फरशीखालून 'टर्रर' असा आवाज आला आणि थांबला. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा आला. एकही नळ चालू नव्हता. पहाटे आई उठली, तेव्हा नळाला करंगळीएवढी धार होती आणि कमोडमध्ये पाणी नीट सुटेना. सकाळी तिच्या उशाशी रात्री ठेवलेला पाण्याचा पेला तसाच भरलेला दिसला.

"आई, पाणी नाही घेतलंस?"

"तहानच नव्हती रे," ती म्हणाली आणि तोंड फिरवले. दोन वर्षांपूर्वीचे ते वाक्य मला जसेच्या तसे आठवले.

तासाभरात आम्ही सोलापुरात मामेभावाकडे पोहोचलो. अण्णा माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. उमेदीची वर्षे त्यांनी यंत्रमागावर जॉबर म्हणून काढली. मागाचा आवाज बदलला की दुखणे कुठे आहे ते त्यांना दाराबाहेरून कळे. त्यांच्या घरात दाराशी हौद, हौदावर मोटर, गच्चीवर टाकी. सोलापुरात वर्षानुवर्षे नळाला रोज पाणी आले नाही. तीन-चार दिवसांआड, कधी त्याहूनही उशिरा पाणी येण्याची घरांना सवय झाली. त्यामुळे साठवणे, वर चढवणे, गळती शोधणे आणि टाकी धुणे हा तेथे गृहकृत्याचाच भाग आहे. अण्णांच्या भिंतीवर टाकी शेवटची कधी धुतली, ती तारीख खडूने लिहिलेली होती. वहिनींच्या बोटांना संधिवात आहे. म्हणून न्हाणीघरात फिरवायच्या नळांऐवजी कोपरानेही उघडता येतील असे लांब दांड्याचे नळ बसवले होते.

अण्णांनी आधी आवाज ऐकला. मग मला समजावले. घरात टाकी उंचावर असते आणि उंचीच पाण्याला जोर देते. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. गाडीत टाकी पायाखाली, म्हणजे उंची शून्य. तेथे हा जोर बॅटरीवर चालणारा छोटा पंप निर्माण करतो. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो आणि पंप आपोआप सुरू होतो. नळ बंद केला की दाब वाढून ठरलेल्या मर्यादेला, बहुतेक गाड्यांत अडीच-तीन बारच्या आसपास, तो आपोआप थांबतो.

"आता नळ बंद असताना पंप वाजतो, याचा अर्थ काय?" अण्णांनी विचारले आणि स्वतःच उत्तर दिले, "दाब कुठून तरी निसटतोय. एक तर पुढं गळती आहे, नाहीतर पंपातला पाणी मागं न सोडणारा पडदा नीट बसत नाही."

त्यांनी वर्तमानपत्राचे कोरडे तुकडे प्रत्येक जोडाभोवती गुंडाळले, पंप चालू करून दाब भरू दिला आणि अर्धा तास चहा घेतला. परत येऊन पाहतात, तो बेसिनखालच्या जोडाचा कागद ओला. पंप बंद करून, नळ उघडून त्यांनी दाब उतरवला, जोड उकलला, झिजलेला वायसर बदलला आणि हाताने घट्ट करून वर पान्याचा अगदी थोडा आट दिला. प्लॅस्टिकचा जोड जोराने पिळला तर तडकतो.

बारीक धारेचे कारण वेगळे निघाले. पंपाच्या तोंडाशी एक पारदर्शक टोपी असते. तिच्यात जाळी असते. ती रेतीने आणि नळीतल्या शेवाळाच्या कणांनी बुजली होती. ती नळाखाली धुतली. पण धार अजून धक्क्याधक्क्याने येत होती आणि पंप भराभर चालू-बंद होत होता. पंपापुढे नारळाएवढे एक भांडे होते. त्याच्या आत रबरी पडदा; एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. ही हवा दाबाची गादी होऊन धार एकसारखी ठेवते. ती उतरली होती. पंप बंद ठेवून, नळ उघडे ठेवून, दाब पूर्ण गेल्यावर अण्णांनी माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाइतकी हवा सायकलच्या पंपाने भरली आणि टायरच्या मापकाने तपासली. नळ उघडला. धार सरळ आली.

ही धार केवळ सोयीची नव्हे. स्नान करताना थंड पाण्याचा दाब एकाएकी उतरला, तर नळातून अकस्मात कढत पाणी येते. वृद्धांची त्वचा पातळ असते आणि त्यांना झटकन मागे सरकता येत नाही. म्हणून दाब स्थिर असेल तेव्हाच स्नान घालावे आणि पाणी आधी आपल्या हातावर घ्यावे.

दुपारी आम्ही टाकी निर्जंतुक केली. टाकी शंभर लिटरची. पाच टक्क्यांचे, सुगंध नसलेले सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर घेऊन भरलेल्या टाकीत मिसळले. पिण्याच्या पाण्याची गाळणी आधी काढून ठेवली, गिझर बंद केला. प्रत्येक नळ वास येईपर्यंत उघडून मग बंद केला आणि चार तास तसेच ठेवले. त्या वेळात ते पाणी कोणीही वापरायचे नाही, ही सक्त सूचना. नंतर टाकी रिकामी करून वास जाईपर्यंत दोनदा स्वच्छ पाण्याने धुतली. हे औषध शौचालयाच्या आम्लाशी कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. पिण्यासाठी आईला आम्ही उकळून गार केलेले पाणी वेगळ्या बाटलीतूनच देत राहिलो.

हे सारे चालले असताना आई वहिनींपाशी बसली होती. वहिनींनी जे काढून घेतले, ते आम्हां मुलांना जमले नव्हते. आई त्यांना म्हणाली, "नळ सोडला की ते यंत्र ओरडतं. सगळे दिवसभराचे दमलेले, त्यांची झोप मोडते. पाणी प्यायले तर उठावं लागणार. मग नकोच म्हटलं."

मी पायरीवरच बसलो. गळती जोडात होती, रेती जाळीत होती. पण आईचे पाणी तोडले होते ते संकोचाने. दुरुस्ती अर्धीच झाली होती.

अण्णांनी उरलेली अर्धी सुचवली. रात्री पंपाचे बटण बंदच ठेवायचे. गाडी चालू असतानाही बंद. म्हणजे आवाज नाही, आणि चुकून जोड सुटला तर टाकीही रिकामी होत नाही. कमोडशेजारी झाकणाची पाण्याची बादली आणि छोटा तांब्या. उशाशी अर्ध्या लिटरची हलकी बाटली, तिचे झाकण आधीच सैल केलेले. पायाशी मंद दिवा. आणि आईला स्पष्ट सांगायचे की रात्री उठणे हा कुणाला त्रास नाही. वहिनींनी एक भर घातली: "आत्या, दिवसा पाणी जास्त घ्या. निजायच्या आधी दोन तास बेतानं." त्या दिवसापासून आम्ही बाटलीवर रेघा मारल्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर बंधन आहे, त्यांनी मात्र या रेघा डॉक्टरांना विचारूनच आखाव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सिद्धेश्वराला गेलो. गड्ड्याच्या यात्रेची गर्दी ओसरली होती. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी श्रमदानाने हे तळे खोदवले, असे सोलापूर पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहे. तहानलेल्या प्रदेशात एका योग्याला लोकांसाठी पाणी साठवावेसे वाटले, ही गोष्ट मला त्या सकाळी फार जवळची वाटली. मंदिराच्या चहूकडे पाणी, पलीकडे भुईकोट किल्ल्याचे बुरूज. आई काठाशी खुर्चीवर बसली. लहानपणी आजोबांचे बोट धरून ती येथे येत असे, ते तिने क्रमाने सांगितले. सारे धागे जुळत होते. दोन वर्षांपूर्वीचा गोंधळ कुठेच नव्हता.

परतीच्या आदल्या रात्री मला जाग आली. मंद दिव्यात आई दांडा धरून सावकाश उठली, जाऊन आली, पलंगावर टेकली. पंप मुका होता. मी डोळे मिटून पडून राहिलो. बाटलीचे झाकण फिरल्याचा आवाज आला, मग दोन घोट गिळल्याचा.

घरी वृद्ध असतील, तर या रविवारी घरातला प्रत्येक नळ एकदा त्यांच्या हाताने उघडवून पाहावा. फिरवायला जड जातो का, धार पुरेशी येते का, रात्री तेथवर जाताना त्यांना कशाची भीती वाटते, कुणाचा संकोच वाटतो, हे विचारावे. टाकी धुतल्याची तारीख भिंतीवर लिहावी. उजनीहून एवढ्या दूर पाणी आणता येते. शेवटचे चार हात मात्र आपणच पार करून द्यायचे असतात.