बाड्यावरची सकाळ आणि शिकागोतला नळ

ग्वाल्हेरला माहेरी गेलं की पहिली सकाळ महाराज बाड्यावर घालवायची, हा माझा जुना नेम. या जानेवारीत मुलांना घेऊन गेले, तेव्हाही तो मोडला नाही. धुकं इतकं दाट होतं की चौकाच्या मधोमध असलेला महाराजांचा पुतळा अगदी जवळ गेल्यावर दिसला. पारा चार अंशांवर होता. शिकागोत वाढलेली माझी मुलं "ही कसली थंडी!" म्हणत नुसत्या स्वेटरवर निघाली होती. पण ग्वाल्हेरची घरं आपल्या तिकडच्यासारखी आतून तापवलेली नसतात, रात्रभर आतही बाहेरचीच थंडी असते. पाच मिनिटांत दोघांनी आजीच्या शाली मागून घेतल्या.

बाडा म्हणजे आपला वाडाच, उत्तरेच्या हवेत 'व'चा 'ब' झाला एवढंच. कागदोपत्री नाव जयाजी चौक. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये इथे सैन्याची छावणी टाकली, म्हणून शहराच्या या भागाला आजही लष्कर म्हणतात. त्यांच्याबरोबर आलेली मराठी कुटुंबं इथेच रुजली. चौकाभोवती टाउन हॉल, स्टेट बँक, गोरखी महाल, आता भूविज्ञान संग्रहालय झालेलं व्हिक्टोरिया मार्केट अशा एकेका घडणीच्या इमारती उभ्या आहेत. आणि खांबांचं ते मोठं पोस्ट. बाबा मला अमेरिकेला पत्रं टाकत ती याच पोस्टातून.

मुलांना ते सांगत असतानाच फोन वाजला. आमच्याकडे सकाळचे आठ, म्हणजे शिकागोत आदल्या रात्रीचे साडेआठ. मंडळातल्या मित्राकडे घराची किल्ली दिली होती. तो म्हणाला, "ताई, स्वयंपाकघरात पाणीच पाणी झालंय. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे?"

मला सांगता येईना. नवऱ्यालाही येईना. त्या घरात आम्ही अकरा वर्षं राहतोय!

मित्राने शोधून शोधून अखेर तळघरात, गणपतीच्या मखराच्या खोक्यांमागे तो व्हॉल्व्ह गाठला. तोवर पाऊण तास गेला होता. पाणी जमिनीतून झिरपून तळघरात उतरलं आणि तिथल्या एका खोक्यात बाबांची पत्रं होती.

नंतर कळलं, चूक आमचीच होती. बिल वाचावं म्हणून निघताना घराचं तापमान फार खाली लावलं होतं. सिंकखालचा पाइप उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीतून जातो आणि कपाटाची दारं घट्ट बंद. बाहेर उणे बावीस. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. पण पाइप नेहमी बर्फाच्या जागीच फुटतो असं नाही. बर्फाची गाठ आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो, आणि तो दाब पाइप फोडतो. कडाक्याच्या रात्री नळ बारीक थेंब थेंब चालू ठेवायला सांगतात ते याचसाठी. पाणी वाहतं राहतं आणि दाबाला वाट मिळते.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमचा नल थंडीने कधी फुटला नाही गं. पण कॉक कुठला, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असायचं." खरंच होतं. पाणी ठरल्या वेळीच यायचं, त्यामुळे कुठला कॉक कधी फिरवायचा हे आम्हा भावंडांना पाढ्यांसारखं पाठ होतं.

दुपारी आम्ही वीसेक किलोमीटरवरच्या तिघरा धरणावर गेलो. सांक नदीवरचं हे धरण ग्वाल्हेरला पाणी पाजतं. विश्वेश्वरय्यांनी पाणी ठरावीक पातळीवर चढलं की आपोआप उघडणारे दरवाजे आधी पुण्याच्या खडकवासल्याला बसवले आणि मग इथे. ते ऐकून धाकटी म्हणाली, "म्हणजे थेंब थेंब नळाचंच मोठं काम!" कुटलेल्या तिळाची गजक खात तिने एका वाक्यात धडा संपवला.

तेव्हा मुलांनो, आईबाबांवर न सोडता हे तुम्हीच करा. आज तळघरात जाऊन मेन व्हॉल्व्ह शोधा, त्याला लाल फीत बांधा आणि तो फिरतो का ते पाहा. थंडीआधी बागेचा पाइप नळापासून काढून ठेवा. गॅरेजमधल्या आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या पाइपांवर फोमचं आवरण चढवा. इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासात असे उघडे पाइप बाहेर साधारण उणे सात अंशांखाली गेलं की गोठू लागलेले दिसले. अशा रात्री सिंकखालची दारं उघडी ठेवा. गावाला जाताना तापमान तेरा अंशांखाली (पंचावन्न फॅरनहाइट) लावू नका आणि मेन व्हॉल्व्ह बंद करून नळ रिकामे करा. पाइप गोठलाच तर आधी नळ उघडा, मग केस वाळवायच्या यंत्राने नळाकडून मागे मागे ऊब द्या. आग मुळीच लावायची नाही. आणि ज्याच्याकडे किल्ली देता, त्याला व्हॉल्व्हही दाखवा.

परतल्यावर पत्रं एकेक करून टिपकागदावर वाळवली. बरीच वाचली. काहींची शाई मात्र पसरली, आणि "चि." च्या पुढचं माझं नाव आता फक्त निळा डाग आहे. वाचलेली पत्रं वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवली आहेत. मुलं ती अडखळत का होईना, वाचायला लागली आहेत.