प्राणहिता-गोदावरीच्या संगमीं

सिरोंच्यास जावयाचें ठरलें, तेव्हां घरांतील वडील मंडळींस कालेश्वराच्या दर्शनाची ओढ होती व आम्हांस तेथील सीमेची. आलापल्लीपासून सागवानाचें अरण्य लागतें. तें संपतां संपतां लोकांची बोली बदलली. बाजारांत आत्याबाईंनीं शुद्ध पुणेरी मराठींत वांग्यांचा भाव विचारला. भाजीवालीनें हंसून तेलुगूंत उत्तर दिलें, आणि सौदा बोटांवर पुरा झाला. महाराष्ट्राचें हें टोंक असें आहे!

वर्धा व वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते आणि येथें गोदावरीस मिळते. नाशिकची गोदा आपणांस थोरली. परंतु तिचें पाणी वाटेंत जायकवाडीस व पुढें श्रीरामसागरास अडविलेलें असतें, म्हणून संगमीं भरघोस पाणी आणते ती प्राणहिताच. पैलतीरीं कालेश्वराच्या मंदिरांत एकाच शाळुंकेवर दोन लिंगें आहेत. पूर्वीं तेथें नावेनें जात. आम्ही पुलावरून गेलों, याचें वडिलांस थोडें वाईटच वाटलें.

सीमेची कथा मात्र पाण्याइतकी संथ नाहीं. १८५४ सालीं नागपूरकर भोसल्यांचें राज्य खालसा झालें. दक्षिणेकडे निजामाचा अंमल होता. १८६० च्या तहानें इंग्रजांनीं १८५७ मधील निष्ठेचें बक्षीस म्हणून धाराशिव व रायचूर दुआब निजामास परत दिले, आणि गोदावरीच्या डाव्या तीराचा मुलूख आपणांकडे घेतला. त्या एका कागदानें धाराशिवचीं मराठी घरें १९४८ पर्यंत निजामाच्या प्रजेंत गेलीं, हें या तीरावर उभें राहिल्यावांचून आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

इंग्रजांस हा रानटी तीर कशास हवा होता? वऱ्हाडचा कापूस आगबोटींनीं थेट समुद्रास न्यावयाचा, असा सर आर्थर कॉटन यांचा बेत होता. सिरोंचा हें ‘अपर गोदावरी’ जिल्ह्याचें ठाणें झालें. परंतु पात्रांत तीन ठिकाणीं खडकांचे बांध आडवे आलेले! त्यांना वळसा घालणाऱ्या कालव्यांवर पैसा ओतला जात असतांनाच १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोंचली. १८७१ त काम थांबलें, १८७४ त जिल्हाही मोडला, आणि सिरोंचा चांद्याची एक तहसील होऊन राहिलें.

यानंतर पैलतीराचें नांव तेवढें बदलत गेलें: १९४८ पर्यंत निजामशाही, मग हैदराबाद राज्य, १९५६ पासून आंध्र, २०१४ पासून तेलंगण. ऐलतीरही मध्यप्रांतांतून मुंबई राज्यांत, व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला.

संगमाच्या खालीं मेडीगड्डा येथें तेलंगणानें ८५ दारांचें धरण बांधलें. २०१९ त त्याचें उद्घाटन झालें; २०२३ च्या ऑक्टोबरांत त्याचे कांहीं खांब खचले. तीरावर भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यानें मोडक्या मराठींत सांगितलें, “धरण त्यांचं, फुगवटा आमचा.” पाणी तुंबलें कीं त्याची खालची मिरची बुडे, आणि भरपाईचे कागद दोन राज्यांच्या कचेऱ्यांत फिरत. आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्यानें आग्रहानें ओंजळभर ओल्या मिरच्या आत्याबाईंच्या पदरांत घातल्या, व त्यांचा भाव कांहीं केल्या सांगितला नाहीं.