तळवे पाहिलेत का?



रात्री सासूबाईंच्या तळव्यांना खोबरेल लावून काशाच्या वाटीनं घासायचं, हे माझं कित्येक वर्षांचं काम. हात तळव्यावर आणि डोळे टीव्हीवर. त्यामुळे त्यांच्या उजव्या टाचेवरचा काळा डाग रोज माझ्या हाताखालून जात होता, पण मी तो नीट पाहिला नव्हता.

पाहिला तेव्हा आई म्हणाल्या, "कुरूप असेल गं, नाहीतर काटा मोडला असेल." मग कुरुपावर घालतात तसा बिब्बा घातला. मीच घातला. कातडी भाजली, खपली धरली, डाग झाकला गेला. यात सात-आठ महिने गेले. खपली पडल्यावर डाग पुन्हा वर आला तो आधीपेक्षा मोठा, कुठे काळा, कुठे तपकिरी, कडा वेड्यावाकड्या. एके दिवशी देवघरासमोरच्या फरशीवर रक्ताचा ठिपका दिसला. मग मात्र मी त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर शेतकऱ्याच्या घरातले. भिंगासारख्या यंत्रातून बघत म्हणाले, "ताई, तळव्याची कातडी उसाच्या रानासारखी असते, सरी आणि वरंबा. साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा सरीत असतो. हा वरंब्यावर आहे. तुकडा काढून तपासायला पाठवू."

रिपोर्ट आला. मेलॅनोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर.

मला वाटायचं, हा गोऱ्या लोकांचा, उन्हाचा आजार. ते अगदी खोटंही नाही. ऑस्ट्रेलियात त्याचं प्रमाण फार, म्हणून तिथे 1981 मध्ये एक मोहीम निघाली: अंगभर सदरा घाला, क्रीम लावा, टोपी घाला. जाहिरातीत एक समुद्रपक्षी नाचत हे सांगायचा. जगात या आजाराची चर्चा झाली ती बहुतेक अशी, उन्हाभोवती फिरणारी. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत हा आजार पुष्कळच कमी. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे ऊन फारसं पोचतच नाही. आणि तिथे कुणी बघत नाही, म्हणून उशिरा कळतो.

जमैकाचे प्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच डाग होता. आधी तो फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटला. 1977 मध्ये मेलॅनोमाचं निदान झालं आणि 11 मे 1981 रोजी, वयाच्या 36 व्या वर्षी ते गेले. काय योग पाहा, तिकडे टोपी घाला म्हणून सांगायला सुरुवात झाली ते हेच वर्ष.

ऑपरेशनला आई तयार नव्हत्या. "देह पुद्गलच आहे, त्याची एवढी ममता कशाला?" मी म्हटलं, "आई, सामायिक करायला बसायचं तर याच देहानं ना?" त्या गप्प राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच पिशवी भरली.

आमचं नशीब, डाग फार खोल गेला नव्हता. भोवतीच्या चांगल्या कातडीसकट तो काढला आणि मांडीची कातडी टाचेला लावली. पसरलेल्या आजारासाठीही आता शरीराच्याच प्रतिकारशक्तीचे ब्रेक सोडवणारी औषधं आहेत. त्या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं. पण ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाहीत. वेळेवर बघणं हेच सगळ्यात स्वस्त औषध.

दोन महिने आईंना पाय टेकता आला नाही. मंदिर सुटलं, याचंच त्यांना दुःख. खुर्चीत बसून जाप करायच्या. आता दर काही महिन्यांनी तपासणी असते. बिब्ब्याबद्दल त्या मला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला मात्र ते आठ महिने अजून टोचतात.

म्हणून सांगते. तळव्यावरचा डाग वाढत असेल, रंग एकसारखा नसेल, रक्त येत असेल, तर त्याला बिब्बा नको, ब्लेड नको. नखातली काळी रेघ आपल्यात पुष्कळांना असते, घाबरू नका. पण ती रुंदावत असेल किंवा नखाबाहेर कातडीवर उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आपण मोठ्यांच्या पाया पडतो, पण ते वरून. तळवे कोण पाहतं? माताजींचा विहार सगळा अनवाणी. वैयावृत्याला बसाल तेव्हा पाय चेपता चेपता तळव्यांवरूनही नजर फिरवा. आणि आज रात्री सासूबाईंचे, आईचे आणि स्वतःचेही तळवे दिव्याखाली धरून बघा.

मी आता टीव्ही बंद करूनच वाटी हातात घेते.