मुलांच्या रांगेतली ‘शाळा’

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ काल रात्री वाचून संपली आणि सकाळपासून भेटेल त्याला मी एकच विचारतेय, तुम्ही वाचलीय का? मेघवाडीत भाजी घेताना शेजारच्या काकूंनाही विचारलं! कादंबरी आली 2004 साली, तिच्यावरच्या सुजय डहाकेंच्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. माझ्या हाती मात्र ती आत्ता लागली, आणि काय लागली!

लहानपणी माझ्यासाठी शाळेची गोष्ट म्हणजे फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा साहसामागून साहस करायचा आणि मला जाम आवडायचा. पण जोगेश्वरी पूर्वेच्या आमच्या शाळेत साहसं कुठली! दुपारचं अधिवेशन, एका बाकावर तिघी, फळ्यावर सकाळच्या वर्गाची अर्धवट पुसलेली गणितं. पाचवीत मुलं-मुली एकत्र लंगडी खेळायचो. सातवीत बोलणंच बंद! मुलं त्या रांगेत, मुली ह्या रांगेत. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी पाळलं. हे कुठल्याच गोष्टीत मला भेटलं नव्हतं.

इथे भेटलं! जोशी, सुऱ्या, चित्रे, फावड्या नववीतले, काळ आणीबाणीचा, तरी ही अगदी आमच्याच वर्गातली मुलं. तसंच आडनावाने बोलणं, तीच ‘लाइन’. मधल्या सुट्टीत आमच्याकडे बघून ती काय कुजबुजायची, ते मला आज कळलं. केवढी चर्चा, केवढी धास्ती, केवढा हळवेपणा! आणि आम्ही त्यांना नुसती टवाळ समजायचो. मालिकांतली शाळकरी मुलं मोठ्यांसारखे संवाद म्हणतात. बोकील गोष्ट सांगणाऱ्या जोशीच्या तोंडी मोठ्यांचं शहाणपण घालत नाहीत. त्याला जेवढं उमगतं तेवढंच आपल्याला उमगतं, म्हणून ते इतकं खरं वाटतं.

म्हणूनच जोशीला आवडणाऱ्या शिरोडकरच्या मनात काय चाललंय ते आपल्याला तिच्याकडून कळत नाही. पण मी तर तिच्याच रांगेत बसले होते! पाळीची दबकी बोलणी, अंधारायच्या आत घरी यायची सक्ती, वहीच्या शेवटच्या पानावरच्या चिठ्ठ्या आणि मुलांबद्दलची आमची चर्चा, ती काय कमी होती? बोकीलांनी वर्गाची एक बाजू इतकी जिवंत केली, की आता मला दुसरीही हवी आहे. मैत्रिणींनो, आधी ‘शाळा’ वाचा आणि मग आपल्या रांगेचं लिहायला बसा!