बाटलीतला पाऊस

आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत उपक्रमांची वाण नाही. परिपाठ आहे, बालसभा आहे, परसबाग आहे, क्षेत्रभेट आहे. आनंद मेळाव्यात मुलं घरची भाजी आणून बाजार मांडतात. २०२४ पासून शनिवारही ‘आनंददायी शनिवार’ म्हणून वेळापत्रकात आला. मुलं त्या दिवशी दप्तर न घेता पळत येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. खंत एवढीच की पुष्कळ ठिकाणी उपक्रम एकीकडे आणि अभ्यास दुसरीकडे राहतो. गाणी झाली, कागदकाम झालं, फोटो ग्रुपवर गेले आणि सोमवारी धडा मागच्या पानावरून पुढे सुरू झाला. उपक्रमातून मुलाच्या हाती मोजायला, लिहायला, वाचायला काहीतरी उरावं आणि सोमवारी ते फळ्यावर यावं, असं मी धरून चालते.

या कसोटीला सगळ्यांत पक्का उतरलेला उपक्रम म्हणजे पाऊस मोजणं. आमच्या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे सामान कधी संपत नाही. थंड पेयाची दोन लिटरची, सरळ अंगाची बाटली घ्यायची. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. बाटलीचा तळ खळग्यांचा असतो, म्हणून तळाशी खडे टाकायचे आणि ते बुडतील इतकं पाणी ओतायचं. त्या पाण्याच्या रेषेवर शून्य. तिथून वर कागदी मोजपट्टी लावून तिच्यावर चिकटपट्टी मारायची. बाटली उघड्यावर, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब, विटांच्या आधाराने उभी करायची. हवामान खातं पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, म्हणून आमचीही वेळ तीच. शाळेला लागून ज्यांची घरं आहेत ती मुलं आळीपाळीने येऊन आकडा बघतात, वहीत लिहितात आणि पाणी ओतून पुन्हा शून्यावर आणून ठेवतात.

पहिल्या आठवड्यातच एक वाद हमखास निघतो. कुणीतरी म्हणतंच, “बाई, बाटली बारकी हाये, म्हणून पाऊस कमी दिसतो. मोठं भांडं ठेवू.” मी तिथे उत्तर देत नाही. भांडी आणा म्हणते. पोषण आहाराचा सरळ कडांचा टोप, तेलाचा वरून कापलेला चौकोनी डबा आणि घरचा एक हंडा बाटलीशेजारी ओळीने मांडतो. एक जोराची सर येऊन गेली की मुलं पट्ट्या घेऊन धावतात. टोपात पाणी बाटलीपेक्षा कितीतरी जास्त असतं, पण उंची तेवढीच भरते. डब्यातही तेवढीच. हंड्यात मात्र पाणी तळालाच. का? मुलं हंड्याच्या तोंडावर हात फिरवतात, मग पोटावर. तोंड अरुंद, पोट मोठं, हे कुणी ना कुणी बोलून दाखवतंच, आणि त्या दिवशी आकारमानाचा धडा माझ्याकडून वेगळा शिकवायचा राहत नाही.

यानंतर चौथी-पाचवीच्या मुलांना छप्पर मोजायला लावते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. वर्गखोलीच्या पत्र्याखाली साठ चौरस मीटर जागा असेल, तर शंभर मिलिमीटरच्या एका दिवसात सहा हजार लिटर पाणी पागोळ्यांनी खाली जातं. गुणाकार सोपाच आहे, पण उत्तर आल्यावर मुलं गप्प होतात. हेच पाणी एप्रिल-मेमध्ये आई कुठून आणते, ते त्यांना ठाऊक असतं. शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. त्याच तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतं आणि आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसातून जातं. हे मुलांना सांगावं का, असं मला काही जण विचारतात. सांगावंच. आपल्या अंगणातला आकडा ज्या मुलाने स्वतः लिहिला आहे, त्याला पुढे तो आकडा ग्रामसभेत मांडताही येईल.

दुसरा उपक्रम रानभाज्यांचा. पहिल्या पावसात शेवळं येतात, मागाहून टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. पान वहीत चिकटवायचं आणि शेजारी तीन ओळी लिहायच्या: कुठे मिळाली, कधी मिळाली, घरी कशी करतात. तिसऱ्या ओळीसाठी मुलाला आजीजवळ बसावंच लागतं. शेवळं खाजरी, म्हणून त्यात काकडं घालतात, हे मला मुलांच्याच वह्यांतून पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं. ठाकूर-कातकरी घरांतली मुलं इथे भराभर लिहितात. एरवी जोडाक्षर आलं की पेन्सिल थांबते, ती ‘कुर्डू’पाशी थांबत नाही. भाज्यांचं प्रदर्शन भरवलं तर उत्तम, पण माझा जीव त्या तीन ओळींत असतो.

पुस्तकाबाहेरची शाळा ही आपल्याकडची जुनी पुण्याई आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी ते वाढवलं. तो सगळा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात न्यायची, ही त्यांची कुरणशाळा. आमच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर या प्राथमिक शिक्षकाने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने साथ दिली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन आज्या दुपारी शिकायला बसू लागल्या आणि नातवंडं त्यांचा अभ्यास घेऊ लागली. मला त्यातलं हे शेवटचं फार मोलाचं वाटतं, कारण आजीला अक्षर गिरवायला शिकवणारं पोर स्वतः ते अक्षर विसरत नाही. शहापूरच्या पष्टेपाड्याला संदीप गुंड यांनी पाड्यावरच्या शाळेत टॅबलेट आणून डिजिटल शाळा उभी केली, तीही अशीच मुलांची गरज बघून. यांतल्या कुणीही परिपत्रकाची वाट पाहिली नव्हती.

आता वेळापत्रकाचं. आपल्याकडे उपक्रमांची गर्दी होते ती डिसेंबर-जानेवारीत. स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, सहल, आनंद मेळावा, सगळं तेव्हाच. हवा चांगली असते, शेतीची कामं उरकलेली असतात, पाहुणे मिळतात. पण भात कापून झालं की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात आणि मुलंही त्यांच्याबरोबर जातात. त्यांना शिक्षण हमी कार्ड देतो, भट्टीजवळच्या शाळेत बसवायची खटपट करतो, काही ठिकाणी आजीपाशी मागे ठेवायला घरच्यांना राजीही करतो. तरीही ज्या मुलांना शाळेची ओढ लागायची सर्वांत जास्त गरज, नेमकी तीच मुलं वर्षातल्या सर्वांत आनंदाच्या दिवसांत शाळेत नसतात. नाचात त्यांची जागा दुसऱ्याला द्यावी लागते. पावसाचा आणि रानभाज्यांचा उपक्रम मला प्रिय आहे त्याचं अर्धं कारण हेच: जून ते ऑक्टोबर पट भरलेला असतो आणि पावसाची वही सगळ्यांच्या हातची असते.

म्हणून या दोन तालुक्यांतल्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींना हात जोडून एकच सांगणं आहे. वर्षभरातला तुमचा जो सर्वांत चांगला उपक्रम असेल, तो दिवाळीच्या आधी घ्या. स्नेहसंमेलनसुद्धा नवरात्राच्या आसपास घेता येतं. मैदान ओलं असेल तर ओसरीत घ्या, पाहुणे आले नाहीत तरी चालतील.